घशाला त्रास न देता गाणं : बैठक, श्वास, पट्टी आणि सोलापूरची हवा

मंद्रसा (धागाकर्ता)

सोलापुरात गाणाऱ्यांना तोटा नाही. पेठेपेठेत भजनी मंडळ आहे, जुळे सोलापुरात गाण्याचे क्लास आहेत, कराओकेचे ग्रुप आहेत. पण दीड-दोन तास गायल्यावर घसा धरून बसणारेही कमी नाहीत. मग खडीसाखर, ज्येष्ठमध, हळदीचं दूध सुरू होतं. माझं म्हणणं एवढंच की दुखतो घसा, पण चूक बहुतेक वेळा मानेत, जबड्यात, बरगड्यांत नाहीतर बसण्यात असते. ती तिथेच शोधावी लागते.

आधी यंत्र बघू. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात, पुरुषांत साधारण १७ ते २५ मिमी लांबीचे, बायकांत १२ ते १७. खालून हवेचा दाब आला की ते मिटतात-उघडतात. काळी एकला गाणाऱ्या, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा मानणाऱ्या पुरुषाचा मध्य सा (मधल्या सप्तकातला) लागतो तेव्हा हे सेकंदाला सुमारे १३९ वेळा होतं, तार सा (वरच्या सप्तकातला) लागतो तेव्हा २७७ वेळा. काळी पाचला गाणाऱ्या बाईचा मध्य सा २३३ आणि तार सा ४६६. म्हणजे तासाभरात लाखो वेळा हे तंतू एकमेकांना भिडतात. भिडणं टळणार नाही, पण हळुवार भिडायचं की दणकून, हे गाणाऱ्याच्या हातात आहे.

आता बैठक. आपण मांडी घालून गातो आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं. सपाट सतरंजीवर मांडी घातली की गुडघे कमरेपेक्षा वर राहतात, कंबर मागे कलंडते, पाठीला पोक येतो, खालच्या बरगड्या पोटावर बसतात. बरगड्यांना पसरायला जागाच उरत नाही. मग श्वास वर छातीत अडकतो आणि उरलेला जोर मान लावते.

उपाय घरातच आहे. सोलापुरी चादर घ्या, घड्या घालत ५ ते ८ सेंमी उंचीची गादी करा. ती बुडाच्या फक्त मागच्या अर्ध्या भागाखाली घ्या, मांड्यांखाली नको. बसल्यावर एकेक हात बुडाखाली घालून बघा, दोन्ही बाजूंना एकेक टोकदार हाड लागतं. वजन त्या दोन हाडांच्या मधोमध यायला हवं. जरा पुढे झुला, जरा मागे झुला, मध्ये थांबा. गुडघे कमरेच्या खाली गेले की पाठ आपोआप उभी राहते, ताठ करावी लागत नाही. जाणूनबुजून ताठ बसणंही वाईटच, कारण त्यात कमरेचे स्नायू आवळले जातात आणि पाठीकडच्या बरगड्या अडकतात. गुडघे तरीही वर राहत असतील तर चादर आणखी एक घ्या, नाहीतर सरळ खुर्चीवर बसा. खुर्चीवर बसून गाणं कमअस्सल नाही.

---

पेटी_आणि_पट्टी

चांगला विषय काढलात. स्वतः पेटी वाजवत गाणाऱ्यांसाठी थोडी भर.

पेटी जमिनीवर असली की नजर पट्ट्यांवर जाते, मान पुढे येऊन खाली वाकते, डावा खांदा भात्याच्या बाजूला ओढला जातो. तासभर हे चाललं की मानेची डावी बाजू दगड होते. पेटीखाली १० सेंमी उंचीचा पाट ठेवा. पेटी पोटापासून एक वीत लांब असू द्या. भाता दंडाने ओढू नका, मनगट आणि बोटं पुरतात. आणि शिकताना सुरांच्या जागा बोटांनी पाठ करा, म्हणजे नजर समोर राहील. रियाजाला मोबाईलवरचा तानपुरा लावून पेटी बाजूला ठेवलेली उत्तम. पेटी सूर दाखवते खरी, पण सारखी सोबत असली की कान तिच्या मागून चालायला लागतो.

---

वाणीउपचार

मान आणि डोक्याबद्दल लिहिते.

डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते मणक्यावर टेकतं ती जागा मानेच्या मागे नाही, दोन्ही कानांच्या मधोमध, आत आहे. कानाच्या पाळीमागे बोटं ठेवा आणि अगदी थोडं 'हो' म्हटल्यासारखं डोकं हलवा. हालचाल बोटांच्या रेषेत जाणवेल. बरेच जण मान खांद्यापासून वाकवतात, म्हणून वरचा सूर आला की हनुवटी वर, डोकं मागे. त्यामुळे स्वरयंत्राभोवतीचे स्नायू ताणले जातात, ते वर सरकतं आणि आवाज चिमटल्यासारखा येतो.

एफ. एम. अलेक्झांडर हा १८६९ साली टास्मानियात जन्मलेला नट. व्यासपीठावर पाठांतर म्हणताना त्याचा आवाज बसायचा. आरसे लावून त्याने स्वतःला न्याहाळलं तेव्हा तीन गोष्टी दिसल्या : तोंड उघडायच्या आधीच डोकं मागे जातं, स्वरयंत्र खाली दाबलं जातं आणि श्वास आवाज करत ओढला जातो. त्याच्या नावाची जी पद्धत पुढे जगभर गायक-नट शिकले, तिचा उगम या निरीक्षणात आहे. आपल्यालाही तेच करायचं आहे. आरसा समोर नको, बाजूला ठेवा, कारण मान पुढे-मागे जाते ती बाजूनेच दिसते. मोबाईल बाजूला उभा करून एक मिनिटाचा व्हिडिओ काढला तरी चालेल. बघायचं ते गाणं सुरू व्हायच्या आधीचं अर्धं सेकंद. चूक तिथे होते, सूर निघाल्यावर फक्त ऐकू येते.

सुधारणा करताना 'हनुवटी खाली' असा हुकूम देऊ नका. हनुवटी दाबली की स्वरयंत्रही दाबलं जातं. मानेची मागची बाजू लांब राहू दे, डोकं वर तरंगू दे, एवढंच मनात धरा. मग श्वास घ्या, मग सूर.

---

बाळीवेसकर

एक शंका. आमच्या मंडळात सगळे सांगतात 'पोटातून गा, बेंबीपासून आवाज काढा'. पोट आत खेचलं तर आवाज मोठा येतो, पण दोन ओळींत दम संपतो. नेमकं काय करायचं?

---

मंद्रसा

दादा, पोटात हवा जात नाही. फुप्फुसं छातीच्या पिंजऱ्यात आहेत, त्यांची वरची टोकं तर गळ्याजवळच्या हाडाच्याही थोडी वर जातात. खाली घुमटाच्या आकाराचं श्वासपटल आहे, खालच्या बरगड्यांना आणि कमरेच्या मणक्यांना आतून जोडलेलं. श्वास घेताना घुमट खाली सपाट होतो, खालची आतडी-बितडी सरकतात, म्हणून पोट पुढे येतं. पोट फुगणं हा परिणाम आहे. मुद्दाम पोट फुगवून दाखवलं तर हवा वाढत नाही.

गाताना अडचण उलट दिशेची असते. भरलेली फुप्फुसं आणि पसरलेल्या बरगड्या आपापल्या गतीने परत मिटू बघतात, आणि ही गती गाण्याला लागणाऱ्या हवेपेक्षा जास्त असते. त्यावर तुम्ही पोटही खेचलंत तर सुरुवातीलाच दाब फार वाढतो, तंतू तो अडवायला घट्ट मिटतात, आवाज मोठा पण टणक येतो आणि हवा संपते. पेटीवाल्याला हे चटकन कळेल : भाता एकदम दाबला तर सूर ओरडतो आणि लगेच मरतो. म्हणून पहिल्या अर्ध्या ओळीत बरगड्या पसरलेल्या राहू द्यायच्या, पोट आपसूक आत येईल तसं येऊ द्यायचं. ओळीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात खालच्या पोटाचा आधार लागतो, तोही बेंबीखालून, हळू.

सराव असा करा :

पाठीवर झोपा, गुडघे उभे, डोक्याखाली ३ ते ५ सेंमी जाडीचं पुस्तक. दोन्ही तळहात खालच्या बरगड्यांच्या बाजूंवर ठेवा. नाकाने ४ मोजेपर्यंत श्वास घ्या, हात बाजूला ढकलले गेले पाहिजेत. मग 'स्स्स' असा एकसारखा बारीक आवाज काढत १२ मोजा. बरगड्या पहिल्या ६ पर्यंत पसरलेल्याच ठेवायचा प्रयत्न करा. पाच वेळा पुरे. आठवड्याने १५, मग १८, मग २०. चक्कर आली तर थांबा, श्वास फार भरताय असा त्याचा अर्थ. बहुतेक ओळींना फुप्फुसं काठोकाठ भरावी लागत नाहीत. जास्त भरलेली हवा बाहेर पडायला बघते आणि ती रोखायला घसाच वापरला जातो.

हे झोपून जमलं की बसून, बसून जमलं की 'स'च्या जागी मध्य सा.

---

सातरस्ता_ताई

श्वास तोंडाने की नाकाने? दोन ओळींच्या मध्ये नाकाने घ्यायला वेळच मिळत नाही.

---

वाणीउपचार

ताई, वेळ असेल तिथे नाकाने. हवा गाळून, ओलावून, कोमट करून आत येते, आणि आपल्याकडच्या धुळीत त्याला मोल आहे. झटपट लागेल तिथे तोंड आणि नाक दोन्हींनी. खूण एकच : श्वास घेताना आवाज येता कामा नये. 'हॅ' असा आवाज आला तर हवा जाताना तंतू अर्धवट मिटलेले आहेत. पुढचा स्वर ज्या आकाराचा आहे, त्या आकारात तोंड आधीच उघडून श्वास घ्या, 'आ' असेल तर 'आ'च्या आकारात. मऊ टाळू वर जातो, जागा मोकळी होते, आवाज बंद होतो.

आणखी एक चाचणी घरी करता येते. एका श्वासात 'स्स्स' किती सेकंद टिकतो ते मोजा. मग 'झाड'मधल्या 'झ'चा सलग आवाज किती टिकतो ते मोजा. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. 'स'चे सेकंद भागिले 'झ'चे सेकंद १.४ च्या वर जात असतील तर हवा पुरेशी आहे पण तंतू नीट मिटत नाहीत, अशी शक्यता धरून तपासणी करून घ्यावी. तीन-तीन वेळा मोजून सगळ्यांत मोठा आकडा घ्या. याने निदान होत नाही, डॉक्टरकडे जायचं की नाही एवढं कळतं.

---

बाळीवेसकर

झोपून केलं तेव्हा बरगड्या हलतात हे हाताला कळलं. आता गळा तापवायचा कसा? आम्ही तर थेट नमनाने सुरुवात करतो.

---

वाणीउपचार

स्ट्रॉने. स्वरोपचारात हे वर्षानुवर्षं वापरलं जातं आणि गायकांना फार उपयोगी आहे.

प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. कागदाची चालते, पण पाच मिनिटांत मऊ होते. स्टीलची ६ मिमी व्यासाची सरळ नळी घ्या. पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी, नळीचं टोक पाण्यात २ ते ३ सेंमी. ओठ नळीभोवती हलके मिटा, गाल आवळू नका. आता 'ऊ' गुणगुणा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत आणि आवाजही एकसारखा. पहिलं मिनिट मध्य सा. दुसरं मिनिट सा ते प, मींडने (सूर न तोडता सरकत) वर आणि खाली. तिसरं मिनिट मंद्र प (खालच्या सप्तकातला) ते तार सा, घसरत. चौथ्या मिनिटाला एखाद्या भजनाची चाल शब्दांशिवाय. मग नळी बाजूला ठेवून तीच चाल 'म'वर, मग आकारात ('आ' म्हणत). एकूण पाच मिनिटं.

नळीमुळे तोंडाकडून हवेला अडथळा येतो, तो दाब मागे स्वरतंतूंपर्यंत पोचतो आणि ते कमी जोराने भिडतात. कमी कष्टात तेवढाच आवाज कसा काढायचा, ही शरीराला सवय लागते. काय बिघडतं? बुडबुडे येतात पण सूर नाही, म्हणजे नुसती फुंकर चालली आहे. सूर येतो पण बुडबुडे थांबतात, म्हणजे घसा आवळला आहे किंवा सूर नाकातून निघतोय. नाक चिमटीत धरून बघा, आवाज बंद पडला तर नाकातूनच निघत होता. नळी ५ सेंमीपेक्षा खोल घालू नका, दाब उगाच वाढतो.

नळी नसेल तर ओठ फुरफुरवा. दोन बोटांनी गाल किंचित वर धरले की ओठ सैल राहतात आणि फुरफुर टिकते.

---

होटगीरोड

वाचतोय. एका गोष्टीवर मतभेद नोंदवतो, वाद म्हणून नाही. आपल्या परंपरेत पहाटेचा खर्ज, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा रियाज, हीच तयारी मानली जाते. स्ट्रॉ वगैरे ठीक, पण खर्जाने आवाजाला जे वजन येतं ते याने येईल का?

---

मंद्रसा

खर्जाला पर्याय म्हणून कोणीच सांगत नाही. दोन्हींचं काम वेगळं आहे. पहाटे तंतूंना रात्रीची थोडी सूज असते, कफ असतो, म्हणून खालचे सूर आपोआप लागतात आणि वरचे लागत नाहीत. खर्जात तंतू आखूड, जाड आणि सैल असतात, मान-जबडा सैल ठेवून लांब सूर लावायला ती वेळ योग्यच. पूर्वीच्या गवयांनी ही वेळ नेमली ती शरीर ओळखून.

पण खर्जाचा रियाज बिघडतो तो दाबून केल्याने. मंद्र प लागत नसताना हनुवटी गळ्यात खुपसून, स्वरयंत्र खाली रेटून ओढलेला सूर ऐकायला जाड लागतो, पण तो खर्ज नव्हे. सूर सुटून नुसता खरखरीत तडतड आवाज राहिला तर त्याच्या वरच्या सुरावर या. उतरताना एकेक सूर, प्रत्येकावर एक पूर्ण श्वास, आवाज बोलण्यापेक्षा मोठा नको. दहा-पंधरा मिनिटं भरपूर झाली. आणि खर्जावरून थेट तार सप्तकात उडी नको, मध्ये सा-रे-ग-म-प सावकाश.

काकड आरतीचं म्हणूनच जरा सांभाळायला हवं. कार्तिकातली थंड पहाट, झोपेतून उठून अर्ध्या तासात उंच पट्टीत पहिला अभंग. एक तर पेटीवर पट्टी दीड-दोन सूर खाली घ्या, नाहीतर सगळ्यांनी देवळात यायच्या आधी घरी पाच मिनिटं नळी करून या. दोन्ही केलंत तर उत्तमच.

---

पेटी_आणि_पट्टी

पट्टीचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहितो, कारण भजनी मंडळांत घसे बसण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच.

स्वतःची पट्टी शोधायची रीत : सकाळी दहानंतर, गळा तापल्यावर, आकारात खाली उतरत जा. खरखर न होता, ऐकू येईल असा शेवटचा सूर कुठला ते पेटीवर बघा. त्याला मंद्र प धरा. पाचव्या पांढरीवर शेवटचा सूर लागला, तर त्याला प मानून सा वरच्या पांढरी एकवर येतो. आता त्या सा वरून वर जाऊन तार ग-म न ओरडता लागतो का बघा. लागत नसेल तर सा अर्धा सूर खाली. खाली थोडं गेलं तरी चालतं, कारण अभंग-भावगीतांत मंद्र प पेक्षा तार ग जास्त वेळा येतो.

बहुतेक पुरुषांचं काळी एक ते पांढरी दोनच्या आसपास जमतं, बायकांचं काळी चार ते काळी पाच. अडचण तिथे येते जिथे मंडळात दोघंही आहेत आणि पेटीवाला सवयीने एकच पट्टी धरतो. पुरुषांनी उंच पट्टीत ओढून गायचं म्हणजेच दमदार, अशी समजूत वारकरी भजनातून आलेली आहे. त्या गायकीला उंच पट्टीची शोभा आहे, पण तिथे वरच्या सुरासाठी घडवलेला आवाज असतो आणि चाल अनेकांत वाटून घेतलेली असते. तुमच्या मंडळात वरचा चरण कोण घेणार, झेल कोण घेणार (मागून ओळ कोण म्हणणार), हे आधी ठरवा. ज्यांना वरचा सूर पोचत नाही त्यांनी झेलात खालच्या सप्तकात गावं. त्यात कमीपणा नाही, उलट भजन भरून येतं.

स्केलचेंजर पेटी (पट्ट्या सरकवून सा बदलता येतो अशी) असेल तर पट्टी बदलायला दहा सेकंद लागतात. दहा सेकंदांचा कंटाळा केला की महिनाभर घोगरं बोलावं लागतं.

---

सातरस्ता_ताई

ताना घेताना हनुवटी थरथरते. आरशात दिसते. सर म्हणतात जबडा मोकळा सोडा, पण सोडला की तान तुटते.

---

मंद्रसा

ताई, तान तुटते याचा अर्थ ती आतापर्यंत जबडाच घेत होता. अवघड वाटेल, पण हे सुटतं.

कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा, एक खळगा तयार होतो, तो जबड्याचा सांधा. जबडा आधी खाली आणि जरा मागे लोंबू द्या, पुढे काढू नका. मधल्या दोन बोटांची जाडी आडवी मावेल एवढं उघडणं आकाराला पुरेसं आहे. जिभेचं टोक खालच्या दातांना आतून टेकलेलं. आता अंगठा हनुवटीखाली मऊ भागावर ठेवा आणि सा लावा. तिथला स्नायू अंगठ्याला टणक लागला तर जिभेचं मूळ आवळलेलं आहे. 'ल-ल-ल' म्हणत सैल करा आणि परत सा.

मग दोन बोटांत हनुवटी हलकी धरून सारेगम, रेगमप असा पलटा, मिनिटाला ६० ठोके, एका ठोक्याला दोन सूर. हनुवटी बोटांत हलली नाही तर ६६, मग ७२. हलली की मागच्या वेगावर. वेग वाढवायची घाई केलीत तर जबडा परत कामाला लागणार.

'विठ्ठल' म्हणताना हेच बघा. 'ठ्ठ'ला जीभ टाळूला उलटी टेकते आणि क्षणभर हवा पूर्ण अडते. त्या क्षणी बरेच जण जबडा चावतात, घसाही मिटतात, आणि 'ठ'नंतरचा 'अ' दणक्याने सुटतो. नामाच्या गजरात हे शेकडो वेळा होतं. करायचं असं : 'वि' पूर्ण सुरात लांबवा, 'ठ्ठ'ला फक्त जिभेचं टोक लावा, जबडा लटकलेलाच, आणि हवा जिभेमागे थांबू द्या, घशात नको. ताल जलद झाला की ठेका 'ठ'वर न मारता 'ल'वर टेका. अख्खं मंडळ याने कमी थकतं.

स्वराने सुरू होणारे शब्द, 'अ', 'आ', 'ए'ने, त्यांनाही असाच दणका बसतो. आधी मनातल्या मनात हलका 'ह' धरा, ऐकू येऊ देऊ नका, मग स्वर.

---

होटगीरोड

खर्जाबद्दलचं पटलं. आता हवेचं बोलू. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर, हवा कोरडी, त्यात यंत्रमागाच्या भागात कापसाचा फुफाटा. यात काय करावं?

---

वाणीउपचार

पिलेलं पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही, ते अन्ननलिकेतून जातं. शरीरात जिरून तंतूंच्या वरच्या पातळ थराला ओलावा मिळायला काही तास लागतात. म्हणून कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी बाटली रिकामी करून फक्त पोट जड होतं. आदल्या दिवसापासून घोट-घोट पीत राहा, उन्हाळ्यात दिवसाला अडीच-तीन लिटर. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. लघवीचा रंग फिका असेल तर ठीक चाललंय.

थेट ओलावा पोचतो तो वाफेने. साधं गरम पाणी, चेहरा भांड्यापासून २५-३० सेंमी, ५ ते १० मिनिटं, नाकातोंडाने सावकाश. बाम, निलगिरी, कापूर काही घालू नका, त्याने कोरडेपणा आणि जळजळ वाढते. भांडं टेबलावर पक्कं ठेवा, मुलं जवळ नकोत, वाफेपेक्षा उकळतं पाणी सांडूनच जास्त भाजतं. वाफेनंतर अर्धा तास मोठ्याने गाऊ नका.

एसीपेक्षा कूलरची हवा गळ्याला बरी, ओलसर असते. पण कूलरची जाळी आणि पाणी वेळेवर बदललेलं हवं आणि झोत थेट तोंडावर नको. मागावर काम करणाऱ्यांनी मास्क लावावाच, आणि गोंगाटात ओरडून बोलणं टाळावं. गोंगाटात माणसाचा आवाज नकळत चढतो. आठ तास असं बोलल्यावर संध्याकाळी भजनाला शिल्लक काय राहणार? खुणांनी काम भागतं तिथे भागवा.

जेवणाचंही बघा. शेंगाचटणी, खर्डा आणि रात्री साडेदहाचं जेवण, मग लगेच आडवं. आम्ल वर येऊन स्वरयंत्रापर्यंत पोचतं, छातीत जळजळ नसली तरी. सकाळी आवाज जड, सारखं खाकरावंसं वाटणं, घशात काहीतरी अडकल्याचा भास, ही लक्षणं. तिखट सोडाच असं नाही म्हणत, जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, खाटेचे डोक्याकडचे पाय विटांवर १५ सेंमी उचला. नुसत्या दोन उशा घेतल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढतो.

खाकरणं बंद करा. त्यात तंतू एकमेकांवर जोरात आपटतात आणि कफ आणखी सुटतो. त्याऐवजी घोटभर पाणी, नाहीतर जोरात आवंढा गिळणं.

---

बाळीवेसकर

ज्येष्ठमध, लवंग, मिठाच्या गुळण्या हे सगळं फुकट मग?

---

वाणीउपचार

फुकट नाही, पण काम कुठे करतात ते माहीत हवं. चघळल्याने लाळ सुटते, घशाला बरं वाटतं. गुळणी (पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ) घशाच्या मागच्या भागाला आराम देते. दोन्ही स्वरतंतूंपर्यंत पोचत नाहीत, पोचली तर ठसका लागेल. ज्येष्ठमध रोज बराच खाल्ला तर रक्तदाब वाढतो, रक्तदाब असलेल्यांनी टाळावा. लवंगेने घसा बधिर होतो आणि ताण पडतोय हे कळायचं बंद होतं, म्हणून गाण्याच्या आधी लवंग नको. सर्दीच्या काही गोळ्या घसा कोरडा करतात. ॲस्पिरिन आणि तशा वेदनाशामक गोळ्यांनी तंतूंमधली बारीक रक्तवाहिनी फुटून रक्त साकळायचा धोका वाढतो, मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी स्वतःच्या मनाने घेऊ नका. हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली असेल तर मात्र ती त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

गाता गाता आवाज एकदम गेला तर तिथेच थांबा. पूर्ण मौन. कुजबुजणंही नको, जोर लावून कुजबुजण्यात तंतूंना ताण पडतोच. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. सिव्हिलमध्ये ही ओपीडी आहे. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांच्या वर टिकला, तर सर्दीचा म्हणून सोडून देऊ नका, दुर्बिणीने तंतू बघायला सांगा. तंबाखू, मावा, विडी असेल तर वाट बघूच नका.

गाठींना लोक फार घाबरतात. अति वापराने होणाऱ्या गाठी बहुधा दोन्ही तंतूंवर समोरासमोर, पुढच्या एक तृतीयांश भागाच्या टोकाला येतात, कारण सगळ्यांत जोरात भिडतं ते तिथेच. पहिला उपचार स्वरोपचाराचा असतो, शस्त्रक्रिया सहसा नंतर. सवय न बदलता नुसती काढली तर परत येते.

---

पेटी_आणि_पट्टी

नवरात्रात, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत लाऊडस्पीकरवर गाणाऱ्यांसाठी थोडक्यात. माईक ओठांपासून ५ ते ८ सेंमी, सरळ समोर नको, जरा तिरका. मॉनिटर स्पीकर (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा) समोर, त्याचं तोंड तुमच्याकडे. तो नसेल आणि पखवाज-टाळांत स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल, तर एक कान बोटाने हलका दाबून बंद करा, सूर आतून ऐकू येतो आणि ओरडावं लागत नाही. साउंडवाल्याला 'आवाज वाढवा' म्हणण्याआधी 'टाळ कमी करा' म्हणा. आणि साउंड चेकला पूर्ण आवाजात गा, नाहीतर कार्यक्रमात पातळी बदलते.

---

सातरस्ता_ताई

मुलगा तेराचा आहे, आवाज फुटायला लागलाय. क्लास बंद करावा का?

---

मंद्रसा

बंद नको. स्वरयंत्र वाढतंय, पल्ला काही महिने आखडेल आणि सूर मध्येच घसरेल. जे पाच-सहा सूर सहज लागतात तेवढ्यातच, हळू आवाजात, दहा-पंधरा मिनिटं. पट्टी दर महिन्याला नव्याने बघा. बरोबरीच्या मुलींच्या पट्टीत गायला लावू नका, स्पर्धा या वर्षी राहू द्या. बाकी वेळ ताल, सरगम लिहिणं, ऐकणं यात घालवा.

---

होटगीरोड

शेवटचं विचारतो. तीन तासांचं भजन झाल्यावर दुसऱ्या दिवशी रियाज करावा की पूर्ण सुट्टी?

---

वाणीउपचार

भजन संपल्या संपल्या लगेच मोटारसायकलवर गप्पा मारत जाऊ नका. वाऱ्यात, इंजिनच्या आवाजात बोलायला ओरडावं लागतं. आधी नळीतून तीन मिनिटं, तार सा पासून मंद्र प पर्यंत घसरत, दर वेळी आधीपेक्षा हळू. मग घरी जाईपर्यंत गप्प.

दुसऱ्या दिवशी सकाळी मध्य सप्तकात 'म'वर अगदी हळू सा-रे-ग-म-प म्हणून बघा. हळू म्हणता आलं, सूर तुटला नाही, तर अर्धा रियाज करा. मोठ्याने लागतो पण हळू लावला की हवा निसटते किंवा आवाज उशिरा सुटतो, असं असेल तर तंतूंना सूज आहे. त्या दिवशी सुट्टी, बोलणंही कमी, आणि तिसऱ्या दिवशी परत हीच चाचणी.